काटा पूर्ण, टाकी कोरडी

धक्क्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मागचे पुढच्यांच्या खांद्यावरून माना ताणत होते, पुढचे पाण्यात पडता पडता वाचत होते, आणि ज्यांना काहीच दिसत नव्हतं ते सगळ्यांत मोठ्याने बोलत होते.

“दिसला का?”

“दिसला ना! पूर्ण आहे! शेवटच्या रेघेच्याही पलीकडे गेलाय!”

“रात्रभर होडी समुद्रात भरकटली, तरी काटा जागचा हलला नाही म्हणजे बघा!”

“चमत्कार म्हणतात तो आणखी काय वेगळा असतो?”

खाली पाण्यावर एक छोटी होडी दोराने बांधलेली होती. मोठ्या मासेमारी बोटीने ती खडकांच्या पलीकडून ओढत आणली होती. काटेबाबांचा एक चेला होडीत उभा राहून सुकाणूशेजारची किल्ली फिरवत होता. किल्ली फिरली की तबकडीतला इंधनाचा काटा टुणकन उडी मारून पूर्णवर जाऊन बसे. चेला किल्ली बंद करी, काटा खाली येई. पुन्हा फिरवी, काटा पुन्हा वर. दर उडीला गर्दीतून “आहाहा” उठे आणि हात जोडले जात.

शाळेतल्या बाई गर्दीत शिरल्या त्या काटा बघायला नव्हे. बंदरातल्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. ती होडी त्यांच्या मामाची होती. आईवेगळ्या भाचीला मामाने लहानाचं मोठं केलं होतं, शिकवलं होतं. काल सकाळी मामा आणि त्याचा जावई त्या होडीतून गेले होते, आणि दिवस मावळला तरी परतले नव्हते.

“मामा कुठंय?” बाई ज्याला त्याला विचारत होत्या. “अहो, माणसं कुठायत होडीतली?”

कोणी तरी काट्यावरची नजर न हलवता मागे बोट दाखवलं.

बर्फाच्या पेट्यांच्या आडोशाला मामा बसला होता. कुणीतरी अंगावर ताडपत्री टाकलेली. ओठ फुटलेले, तळहातांची सालटं निघालेली. होडीची फळी उखडून त्याने ती वल्ह्यासारखी मारली होती. त्याच्याजवळ एकटी छकू उभी होती. छकू म्हणजे मामाची एकुलती एक मुलगी. तिला काटा दिसत नव्हता, गर्दी दिसत नव्हती.

“आप्पा, हे कुठे आहेत?” ती बापाला विचारत होती. “तुम्ही दोघं गेला होतात ना? मग हे कुठे आहेत?”

मामा तिच्याकडे बघत नव्हता. बाईंना बघितलं तसा म्हणाला, “पोहत गेला गं. वाळूच्या दांड्यापर्यंत जातो म्हणाला, तिथून कुणाला तरी हाक मारतो म्हणाला. मी नको म्हटलं. ओहोटी लागली होती.”

तेवढ्यात गर्दी दुभंगली. काटेबाबा आले.

या माणसाचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पावसाळा संपल्यावर तो बंदरात उगवला आणि महिन्याभरात बाबा झाला. छोट्या होड्यांचे इंधनाचे काटे कायमचे रडणारे. खारा वारा, पाणी आणि धक्के खाऊन कुठला काटा मधेच अडकून बसे, कुठला टाकी भरलेली असताना रिकामी दाखवी. टाकी फळ्यांखाली, तिची नळी वाकडी, त्यामुळे काठी घालून बघायचीही सोय नाही. बाबा होडीत उतरत, डोळे मिटत, टाकीवरचं छोटं झाकण उघडून पाठमोरे बसत आणि लाल दोरा गुंडाळलेली तांब्याची एक तार आत बांधत. मग किल्ली फिरवायला सांगत. मेलेला काटा उठून पूर्णवर जाई.

“ही तार नव्हे, ही नाळ आहे!” बाबा गर्जत. “सागरमातेची नाळ! अरे वेड्यांनो, देवमाशाला कधी पंपावर रांग लावताना पाहिलंत का? मग तुमच्या होडीला कशाला हवी चिंता? विश्वासाचा काटा वर, शंकेचा काटा खाली!”

पथ्यं दोनच. एक, झाकण पुन्हा उघडायचं नाही, शक्ती उडून जाते. दुसरं, रोज निघण्यापूर्वी टाकीत एक डबा डिझेल ओतायचं, मातेच्या मुखी घास म्हणून. रोजची फेरी डबाभर डिझेलात होऊन जाई, होड्या सुखरूप परत येत, आणि लोक म्हणत, बघा, काटा अजून पूर्ण! डिझेल आपणच ओततो आहोत हे कुणाच्या लक्षातही येत नसे. तो तर घास होता.

काटेबाबा धक्क्याच्या काठाशी उभे राहिले. आधी त्यांनी काट्याकडे बघितलं, मग गर्दीकडे, आणि सगळ्यांत शेवटी मामाकडे.

“मातेने दिलं होतं,” ते म्हणाले. “काटा साक्ष आहे. मग होडी का थांबली? कारण होडीत कुणीतरी शंका घेऊन बसला होता. काय मामा? खोटं बोलतोय मी?”

मामाने ताडपत्रीत तोंड खुपसलं. सगळ्यांनी तो होकार समजला.

दुसऱ्या दिवशी जावई सापडला. वाळूच्या दांड्याच्या अलीकडेच, पाण्यात. तो पट्टीचा पोहणारा होता, पण ओहोटीला ते काय माहीत.

मामाला दवाखान्यात ठेवलं होतं. खिडकीशी खाट, बाजूला सलाईन, पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा दिवसभर खोकत असे. बाई शाळा सुटली की येऊन बसत. मामा छताकडे बघत राही. कधीतरी एकदम बोलायला लागे, जणू मधेच कुणीतरी काही विचारलं होतं.

“काल लांब जायचं होतं. खडकांच्या पलीकडे. मासळी तिकडे सरकलीय ना.” त्याला मधले दिवस गेलेलेच समजत नव्हते. “तो म्हणाला, मामा, एक डबा जास्तीचा घेऊ. मी म्हटलं, काटा दिसत नाही का तुला? तर म्हणाला, काटा दिसतो हो, पण जायचंय लांब, असू दे बरोबर. डबा त्याने उचलून आणलासुद्धा होता. मी धक्क्यावर उतरवून ठेवायला लावला.”

“मग?”

“मग काय. परतताना खडकांपाशी इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मी किल्ली फिरवली. काटा पूर्ण. इंजिनातच काही बिघाड म्हणून तासभर ते उलटंपालटं केलं. डिझेल संपलं असेल असं मनातही आलं नाही. त्याच्या आलं होतं. बोलला नाही बिचारा, सासऱ्याचा मान ठेवला.”

बाई काही म्हणणार तोच मामाने मान फिरवली.

“बाबा म्हणतात तेच खरं असेल,” तो भिंतीशी बोलला. “त्याने शंका घेतली. म्हणून झालं.”

त्या संध्याकाळी बाई छकूकडे गेल्या. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत शेजारणी बसलेल्या. बोलणं सांत्वनाचं होतं, पण त्याला एक धार होती.

“चांगला होता गं तुझा नवरा. फक्त जरा अतिशहाणा.”

“बाबांच्या तारेवर शंका घ्यायची काय गरज होती? सासऱ्यालाही घेऊन बुडाला असता.”

बाईंनी सगळ्यांना चहा होईपर्यंतही बसू दिलं नाही. “आता तिला पडू द्या जरा,” म्हणत एकेकीला दारापर्यंत पोचवलं आणि कडी लावली. आत छकू नवऱ्याचा धुतलेला शर्ट पुन्हा पुन्हा घडी घालत होती.

“ताई, तू शिकलेली आहेस,” ती म्हणाली. “खरं सांग. एखाद्याच्या मनात शंका आली म्हणून टाकीतलं डिझेल नाहीसं होतं?”

“नाही.”

“मग काटा पूर्ण कसा?”

वर्गात बाई मुलांना पाठ म्हणून दाखवत की प्रत्येक गोष्टीला कारण असतं. पण त्या काट्याचं कारण त्यांना अजून ठाऊक नव्हतं, आणि ‘काहीतरी असेल’ हे उत्तर छकूच्या तोंडावर फेकण्याची त्यांची छाती झाली नाही.

“शोधून सांगते,” त्या म्हणाल्या.

इंजिनमेस्त्रीची शेड धक्क्याच्या टोकाला होती. मेस्त्री जमिनीवर मांडी घालून पंप धूत होता. बाईंनी विषय काढताच त्याचे हात थांबले.

“बाई, मला त्यात घेऊ नका.”

“म्हणजे तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत असायला काय लागतं? तार कुठून कुठे बांधलीय ते एकदा बघितलं की झालं.” त्याने फडक्याला हात पुसले. “मी पहिल्याच आठवड्यात एकाला बोललो. दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे कामं यायची बंद झाली. लोकांच्या तोंडी कोण लागणार? मला वाटलं, खेळ आहे, चार दिवसांत विरेल.”

“विरला नाही.”

“नाही,” मेस्त्री म्हणाला. त्याने मान खाली घातली. मग उठला, स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि म्हणाला, “चला.”

दुपारचं ऊन टळटळीत होतं, धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. होडी तशीच बांधलेली. मेस्त्रीने आधी बॅटरीचं बटण बंद केलं. “टाकी उघडायची म्हणजे ठिणगी नको,” तो म्हणाला. मग फळी बाजूला करून झाकण काढलं.

टाकीच्या माथ्यावर एक धातूची गोल चकती स्क्रूंनी बसवलेली होती. चकतीच्या मधोमध एक खिळ्याएवढा दांडा वर आलेला, त्याच्याभोवती काळं रबर. तबकडीकडून आलेली वायर त्या दांड्याला जोडलेली होती. आणि त्याच दांड्यापासून, रबर ओलांडून, चकतीच्या कडेच्या स्क्रूपर्यंत लाल दोरा गुंडाळलेली बाबांची तार गेली होती. दोन्ही टोकांना दोरा सोललेला, तांबं उघडं.

“आत काय आहे ते सांगा,” बाई म्हणाल्या.

“आत एक दांडी, तिच्या टोकाला पोकळ डबी. डबी डिझेलवर तरंगते. डिझेल कमी झालं की डबी खाली जाते, दांडी खाली जाते, आणि तिला जोडलेली तारेची गुंडाळी…”

“विजेची वाट लांबवते,” बाई म्हणाल्या. वर्गात त्या हे दर वर्षी शिकवत, फक्त बल्ब आणि सेल घेऊन. “टाकी रिकामी तर वाट अवघड, काटा खाली. टाकी भरलेली तर वाट सोपी, काटा वर. आणि ही तार त्या गुंडाळीला बगल देते. वीज आत जातच नाही. वरच्यावर, सगळ्यांत सोप्या वाटेने निघून जाते.”

“म्हणून काटा शेवटच्या रेघेच्याही पलीकडे,” मेस्त्री म्हणाला. “खऱ्या भरलेल्या टाकीचा काटा तिथवर जात नाही. आणि खरा काटा होडी हलली की थोडा डुलतो, कारण आत डबी डुलते. हा मात्र खिळा ठोकल्यासारखा. टाकीत डिझेल असो, पाणी असो, की नुसती हवा असो.”

त्यांनी तार सोडवली, झाकण ठेवलं, बटण चालू केलं, किल्ली फिरवली. काटा तळाशी पडून राहिला. तार बांधली, काटा वर. पुन्हा सोडवली, काटा खाली. बाईंनी हे तीनचार वेळा केलं. खात्री पहिल्यांदाच झाली होती.

मग मेस्त्रीने चकतीचे स्क्रू काढून दांडी वर उचलली. टोकाची डबी हलवली तर आत डबडब आवाज आला. डबीला बारीक चीर गेली होती, ती डिझेल पिऊन बुडाली होती. मामाचा काटा मुळात बंद पडला तो यामुळे. टाकी भरलेली असली तरी डबी तळाशी. एवढासा सुटा भाग. बदलला असता की झालं असतं.

“लगेच सगळ्यांना बोलावू,” मेस्त्री म्हणाला. त्याला एकदम जोर चढला होता.

“नको,” बाई म्हणाल्या. “सगळं होतं तसं बसवा. आधी मला मामाशी बोलायचंय.”

दवाखान्यातून छकूच्या घरी येईपर्यंत मामा निम्मा झाला होता. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्चीत बसला होता. बाईंनी त्याच्यापुढे जमिनीवर बसून सगळं सांगितलं: तार, दांडा, डबी. गोड करून नाही, तिखट करूनही नाही. मामा ऐकत राहिला. मग एकदम त्याचा आवाज चढला.

“म्हणजे मी मारलं त्याला. असंच ना? एवढं शिकवलं तुला, ते हे सांगायला?”

“मामा…”

“बाबा म्हणाले, शंकेने झालं. ते खरं असतं तर मला निदान झोप तरी लागली असती! तू म्हणतेस, टाकी कोरडी होती. मग डबा उतरवून ठेवला कुणी? तू? बाबा? मी! माझ्या या हातांनी!” त्याने सोललेले तळहात तिच्यापुढे धरले.

बाईंना आता कळलं की मामा बाबांना का चिकटून बसला होता. बाबांचं खोटं काढून घेतलं की त्याच्याजवळ उरणार होतं ते एवढंच. त्यांच्या मनात आलं, गप्प बसावं. म्हाताऱ्याला त्याच्या समजुतीत राहू द्यावं. पण आतल्या खोलीत छकू होती, आणि समजुतीची किंमत ती मोजत होती.

“तुला फसवणाऱ्याचा दोष मोठा आहे,” बाई सावकाश म्हणाल्या. “पण तू ऐकलं नाहीस हेही खरं आहे. मी ते पुसून टाकू शकत नाही, मामा. पण जो ऐका म्हणाला, त्यालाच सगळे दोषी ठरवतायत. तो उठून बोलू शकत नाही. तू बोलू शकतोस.”

आतल्या दाराशी छकू येऊन उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक.

“डबा त्यांनी आणला होता?” तिने विचारलं.

मामाने सोललेले तळहात मिटले. छकू बापाकडे बघत राहिली, मग आत निघून गेली. आतून रडण्याचा आवाज आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

सुट्टीच्या दिवशी काटेबाबांनी धक्क्यावर मोठा घाट घातला. मामाच्या होडीची शुद्धी करायची आणि आणखी होड्यांना तारा बांधायच्या. लाउडस्पीकर लावला होता. गर्दी पहिल्या दिवसापेक्षा जास्त होती.

“मातेने या होडीवरून हात काढला नाही!” बाबा सांगत होते. “शंकेखोर गेला, काटा राहिला! फिरव रे किल्ली!”

चेल्याने किल्ली फिरवली. काटा पूर्ण. “आहाहा!”

“बाबा, एक विचारू?” बाई पुढे झाल्या.

“विचारा, विचारा. विचारणाऱ्याला आम्ही कधी अडवलंय?”

“ही होडी ओढून आणल्यावर हिच्यात कुणी डिझेल भरलंय का?”

कुणीच भरलं नव्हतं. माना हलल्या.

“मग टाकी कोरडी आहे. काटा मात्र पूर्ण. या दोघांपैकी खोटं कोण?”

“बाई,” बाबा हसले, “तुमच्या पुस्तकातलं डिझेल डोळ्यांना दिसतं. मातेचं दिसत नाही.”

“न दिसू दे. जळतं तरी ना? इंजिन चालू करा.”

गर्दीत खसखस पिकली. कुणीतरी ओरडलं, “करा की चालू! बघू तरी!” चेल्याने बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली नाही, पण गर्दीने धोशा लावला, तेव्हा चेल्याने बटण दाबलं. इंजिन खर्र खर्र करून गप्प. पुन्हा खर्र खर्र. काटा तिकडे ऐटीत पूर्णवर.

“इथे शंका आली ना!” बाबा गरजले. “ही बाई उभी असताना कसं चालू होईल? हिला आधी धक्क्यावरून घालवा!”

दोनतीन तरुण बाईंच्या अंगावर आले. एकाने दंड धरला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी होता. नजर चुकवत म्हणाला, “बाई, चला, उगाच तमाशा नको.” बाईंना वाटलं, झालं, संपलं. आपण एवढं बोललो आणि तेही शंकेच्या खात्यात गेलं.

“सोड तिला.”

आवाज मोठा नव्हता, पण ओळखीचा होता. मामा आला होता. एका हाताने त्याने छकूचा खांदा धरला होता, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. लोक आपोआप बाजूला झाले. मामा होडीत उतरला, चेल्याला कोपराने सरकवलं, बॅटरीचं बटण बंद करून फळी उचलली.

“मामा, झाकण उघडू नका! शक्ती उडेल!” बाबांचा आवाज पहिल्यांदाच चिरका झाला.

“उडू दे. आम्हाला बुडवून झालंय तिचं.”

त्याने तार हिसडून काढली आणि हात उंच केला. “ही बघा नाळ. आता फिरवा किल्ली.”

मेस्त्री कधी होडीत उतरला होता ते कुणाला कळलं नाही. त्याने बटण चालू करून किल्ली फिरवली. काटा तळाशीच पडून राहिला. मग मामाने स्क्रूड्रायव्हर आडवा करून दांडा आणि कडेचा स्क्रू एकदम टेकवले. काटा टुणकन पूर्णवर.

पुढचे लोक वाकून त्याच्या हाताकडे बघायला लागले.

“मीही काटेबाबा झालो,” मामा म्हणाला. त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला, काटा पडला. टेकवला, काटा उठला. “या टाकीत थेंब नाही. त्या दिवशी इंजिन बंद पडलं तेव्हाही नव्हता. ही तार टाकीत काय आहे ते सांगत नाही. ती फक्त काट्याला खोटं बोलायला लावते.”

तो उभा राहिला. बोलताना त्याला श्वास पुरत नव्हता.

“आणि माझ्या जावयाचं सांगतो. त्याने कुठली शंका-बिंका घेतली नाही. लांब जायचंय म्हणून डबा बरोबर घेऊ म्हणाला. मी काटा दाखवून डबा धक्क्यावर उतरवला. तो गेला तो माझ्यामुळे आणि याच्यामुळे. माझ्या पोरीच्या घरी जाऊन तो अतिशहाणा होता असं जे म्हणाले, त्यांनी आता माझ्याकडे बघून म्हणावं.”

छकू धक्क्यावर उभी होती, डोळे कोरडे, मान ताठ.

मग एकदम गलका झाला. पाच-दहा माणसं बाबांच्या अंगावर धावली. लाउडस्पीकर पडला, चेले पळाले. बाबांच्या तोंडची गर्जना गेली आणि खरी भाषा बाहेर आली: “मारू नका हो, मी पूर्वी वायरिंगची कामं करायचो, मला काय माहीत इतकं होईल!” बाई आणि मेस्त्री मधे पडले.

“हात लावू नका!” बाई ओरडल्या. “मारलंत तर उद्या हा गरीब बिचारा ठरेल. पोलिसांना बोलवा. जे सांगितलं ते त्याला तिथे सांगू द्या.”

पोलीस आले, बाबाला घेऊन गेले. पण एवढ्याने सगळं सरळ झालं असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी मेस्त्री होड्यांची झाकणं उघडायला लागला, तेव्हा काहींनी उघडू दिली नाहीत. “मामाच्या होडीतली तार तशी असेल, आमची वेगळी आहे,” असं एक जण चक्क म्हणाला. बाकीच्यांच्या होड्यांत एकेक साधा बिघाड निघाला. कुठे डबी फुटलेली, कुठे जोडाच्या वायरीवर हिरवा गंज, एका ठिकाणी तर नुसता स्क्रू ढिला. दुरुस्ती झाल्यावर बाईंनी प्रत्येक टाकी रिकामी करून डबा डबा डिझेल भरायला लावलं, आणि दर डब्याला काटा कुठे थांबतो तिथे तबकडीच्या काचेवर रंगाची खूण केली. कारण चांगला काटाही थोडंफार खोटं बोलतो. वाकड्या टाकीत अर्धं म्हणजे अर्धं नसतं.

मामा पुन्हा समुद्रावर गेला नाही. छकूने बापाला माफ केलं की नाही, हे बाईंना अजून कळलेलं नाही. ती त्याला जेवायला वाढते, औषध देते, आणि कामापुरतं बोलते. एकदा मामाने भाचीला विचारलं, “तू सांगितलं नसतंस तर?” बाई म्हणाल्या, “तर पुढच्या महिन्यात आणखी कुणाची तरी होडी ओढून आणली असती.” मामा “हं” म्हणाला.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. यंत्र बिघडलं तर झाकण उघडा, वायर कुठून कुठे जाते ते बघा, कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारा. जो माणूस झाकण उघडू नका म्हणतो, त्याचं झाकण सगळ्यांत आधी उघडा. आणि निघताना कुणी म्हणालं की जास्तीचा डबा बरोबर घेऊ, तर त्याला शंकेखोर म्हणू नका. डबा होडीत ठेवा, आणि त्या माणसाला शेजारी बसवा.